आजच्यापुरती भाकर

पत्र:

मावशी, सप्रेम सलाम. माझं माहेर नगरचं, सासर इंदूरचं. राजेंद्र नगरात राहतो. नवरा पिथमपूरला कंपनीत आहे, त्याची शिफ्ट बदलत असते. मुलगा चौथीत आहे आणि मी एका शाळेत शिकवते. लहानपणी आमच्या घरी रोज संध्याकाळी कुटुंबोपासना व्हायची. आजोबांनी गीत धरलं की मला भरून यायचं. आता तसं काहीच होत नाही. सकाळी फोनवर बायबलच्या वचनांची चित्रं येतात, मी ती पुढच्या ग्रुपवर पाठवते आणि दोन मिनिटांनी काय वाचलं ते आठवत नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून सुंदर कव्हरची डायरी आणली, रोज रात्री तीन गोष्टींबद्दल देवाचे आभार लिहायचे असं ठरवलं. काही आठवडे लिहिलं. मग रोज ‘मुलगा, आरोग्य, घर’ हेच यायला लागलं आणि बंद पडलं. थोर माणसांची चरित्रं वाचते. वाचताना छान वाटतं, पुस्तक मिटलं की स्वतःची लाज वाटते. सासूबाईंचं विसरणं अलीकडे वाढलंय, रात्री उठून बसतात. इथल्या चर्चच्या मंडळीत उपासना हिंदीत असते, ती कळते पण आत पोचत नाही. माझा विश्वास मरत चाललाय का? रोज प्रेरणा मिळावी म्हणून मी नेमकं काय करू? आणि मुलाकडून रोज एक वचन पाठ करून घेते, त्यावरून आमची भांडणं होतात. ते चालू ठेवू का?
– तुमची एक वाचक, इंदूर

उत्तर:

प्रिय मुली, सप्रेम सलाम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. डायरीबद्दल तू भरभरून लिहिलंस, वचनांबद्दल लिहिलंस, चरित्रांबद्दल लिहिलंस, आणि सासूबाईंबद्दल फक्त एक वाक्य. ‘रात्री उठून बसतात.’ त्या उठून बसतात म्हणजे तूही उठून बसतेस. नवरा रात्रपाळीला असला तर तू एकटीच. सकाळी शाळा, मुलाचा डबा, नर्मदेचं पाणी यायचा दिवस असला तर नळाची घाई, तेवढ्यात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात. या सगळ्यातून वेळ काढून तू फोनवरचं वचन वाचतेस आणि ते आठवत नाही म्हणून विश्वासाबद्दल शंका घेतेस. मला तर वाटतं, तुझी झोप मोडली आहे. विश्वासाचं आपण बघू, आधी झोपेचं बघू.

हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. पवित्र शास्त्रातच क्रम असा आहे. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आला आणि ईजबेल राणीची धमकी ऐकून रानात पळाला. एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला का? विश्वास कमी पडला म्हणून रागावला का? काहीच नाही. एलीया झोपला. देवदूताने त्याला उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. खाऊन तो पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा देवदूताने उठवून खायला घातलं आणि कारण सांगितलं, की पुढचा प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे. मग 40 दिवस चालून तो होरेब डोंगरापाशी पोचला आणि तिथे त्याला तो शांत, मंद आवाज ऐकू आला. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 19 वा अध्याय आहे, निवांत वाच. बोलणं शेवटी आहे. त्याच्या आधी दोनदा झोप आणि दोनदा भाकर आहे.

म्हणून पहिली गोष्ट, सासूबाईंना डॉक्टरांकडे ने. वयामुळे होतं असं म्हणून सोडून देऊ नकोस. थायरॉइड बिघडलं किंवा बी-12 कमी झालं तरी विसरणं वाढतं, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं, उपचारही होतात. स्मृतिभ्रंश असेल तर तोही लवकर कळलेला बरा, रात्रीच्या अस्वस्थपणासाठी काय करायचं ते डॉक्टर सांगू शकतात. दुसरी गोष्ट, मंडळीतल्या भगिनी मंडळाकडे मदत माग. प्रार्थनेची विनंती तर करच, पण बरोबर स्पष्ट शब्दांत सांग की आठवड्यातून एक दुपार कुणीतरी येऊन आईंजवळ बसा, मला दोन तास झोपायचं आहे. आपल्या बायका ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ असं मनापासून म्हणतात आणि करतातही, पण नेमकं काय हवं ते कुणी सांगितल्याशिवाय त्यांनाही सुचत नाही. नवऱ्याशी बोल. ज्या आठवड्यात त्याची दिवसपाळी असते त्या आठवड्यातल्या काही रात्री त्याच्या. आणि तुझं स्वतःचं मन दोन आठवड्यांहून जास्त असंच खाली बसलेलं असेल, भूक गेली असेल, रडू येत असेल, तर तूही डॉक्टरांना दाखव. 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन करून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. प्रार्थना आणि डॉक्टर यांत भांडण लावणारी माणसं भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

आता विश्वासाचं. लहानपणी गीत ऐकून भरून यायचं, आता येत नाही, म्हणून तो मेला असं तुला वाटतंय. भरून येणं ही देवाची देणगी आहे, पण विश्वास मोजायची पट्टी नाही. मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर 10 वर्षांनी, 2007 साली प्रसिद्ध झाली. त्यांतून जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती, सगळा अंधार होता. आणि त्याच वर्षांत त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या आणि रोज कोलकात्याच्या रस्त्यांवर जात होत्या. ही पत्रं वाचून काही लोक गोंधळले. मला मात्र त्या बाईबद्दलचा आदर दुणावला. काही न वाटता रोज उठणं, हे किती मोठं आहे! तू रात्री आईंसाठी उठतेस तेव्हा तुला काही पवित्र वाटत नसेल, झोपमोड झाल्याची चीडच येत असेल. तरी उठतेसच ना?

प्रेरणा साठवता येत नाही, ही गोष्ट मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. इस्राएल लोक रानात असताना त्यांना देवाने दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, मिळत होता. ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा. काहींनी उद्याची सोय म्हणून ठेवला, तर सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ असंच म्हणतो. महिन्याची मागत नाही. तुला हवंय ते असं की एकदा असं काही वाचावं, असं काही ऐकावं, की वर्षभर पुरेल. आजोबांच्या गीतांनी मिळालेलं तू आजवर पुरवून पुरवून वापरलंस. ते संपलं याचा अर्थ ते खोटं होतं असा नाही. ते त्या दिवसांचं होतं.

मग आजचं कुठून आणायचं? फोनवरून नाही. ती चित्रं पाठवणाऱ्यांचं प्रेम खरं असतं, त्यांना दुखवू नकोस, पण सकाळचं पहिलं वाचन तिथे करू नकोस. तुटक वचन, त्याला मागचा-पुढचा संदर्भ नाही, कोण कुणाला का म्हणालं ते माहीत नाही, ते लक्षात राहणार कसं? मार्काचं शुभवर्तमान घे. सगळ्यांत छोटं, 16 अध्याय. रोज दहा-बारा ओळी, मोठ्याने, मराठीत. चहा उकळेपर्यंत होतात.

पहिल्याच अध्यायात तुझी भेट होईल. शिमोन पेत्राची सासू तापाने पडलेली आहे. येशू जवळ जातो, हात धरून उठवतो, ताप जातो. तीन ओळींची गोष्ट. त्या दिवशी तो सभास्थानात शिकवून आलेला आहे, तिथे एका भूतग्रस्ताला बरं करून आलेला आहे, आणि संध्याकाळी सगळं गाव दाराशी गोळा होणार आहे. या दोन गर्दीच्या प्रसंगांच्या मधोमध एका घरातली आजारी सासू आहे, आणि मार्काला ती लिहिण्याजोगी वाटली. पुढे वाच. दुसऱ्या दिवशी अगदी अंधार असताना तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो, आणि शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत तिथे पोचतातच! म्हणतात, सगळे तुम्हाला शोधत आहेत. प्रत्यक्ष प्रभूला सलग एकांत मिळाला नाही. तुझ्या पाच मिनिटांत आईंची हाक आली तर ती पाच मिनिटं वाया गेली असं समजू नकोस. प्रभूही उठला आणि पुढच्या गावांकडे निघाला.

अशा वाचनातून दिवसभर पुरेल असं काही दर वेळी मिळेलच असं नाही. कधी कोरडं जाईल. जाऊ दे, उद्या पुढच्या दहा ओळी.

आता डायरी. ती का बंद पडली ते तुझ्याच पत्रात आहे. ‘मुलगा, आरोग्य, घर.’ तू देवाला यादी देत होतीस. आभार मानणं चांगलंच आहे, पण अशा मोठ्या, गुळगुळीत नावांचे आभार मानायला लागलो की मन त्यात उरत नाही. त्यापेक्षा घडलेलं लिही. आज आईंनी मला माझ्या नावाने हाक मारली, काल मला ओळखलं नव्हतं. आज वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरीने पहिल्यांदा हात वर केला. आज पोहे परतताना कढीपत्त्याचा वास आला आणि आईचं स्वयंपाकघर आठवलं. उद्या हे पुन्हा येणार नाही, उद्याचं वेगळं असेल.

आणि दुसरं, तक्रार लिही. ख्रिस्ती माणसाच्या वहीत फक्त स्तुती असावी हे कुणी ठरवलं मला माहीत नाही, पण स्तोत्रकर्त्यांनी तर नक्कीच नाही. 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं उघड तक्रारीची आहेत. 13 वं स्तोत्र ‘कुठवर’ या प्रश्नाने सुरू होतं, हे परमेश्वरा, कुठवर तू मला विसरणार? ते सहा ओव्यांत गाण्याशी येऊन पोचतं. 88 वं तेवढंही करत नाही, ते अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. तेव्हा ‘आज मला आईंचा इतका राग आला की मी दार आपटलं’ हे तुझ्या वहीत यायला हवं. देवाला उद्देशून लिही, ‘तू’ म्हणून लिही. ‘तू कुठे होतास रात्री दोन वाजता’ असंही विचार. आभाराच्या यादीपेक्षा हीच प्रार्थना मला खरी वाटते.

लोयोलाच्या संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात आपल्या लोकांना एक सवय लावली, आजही जगभरचे येशूसंघीय (जेझुइट) ती पाळतात. दिवस संपताना त्या दिवसावरून मागे नजर फिरवायची. काय मिळालं, कुठे देव जवळ होता, कुठे मी त्याच्यापासून सरकले, आणि उद्यासाठी काय मागायचं. आपण प्रॉटेस्टंट घरातल्या आहोत म्हणून ते आपलं नव्हे असं समजू नकोस, चांगलं ते घ्यावं. तुला रात्री जमत नसेल तर शाळेत मधल्या सुट्टीत कालच्या दिवसाकडे बघ. दोन-तीन ओळी पुरेत. ती सुंदर कव्हरची डायरी कपाटात ठेव आणि मुलाच्या वह्यांतली एखादी शिल्लक साधी वही घे. सुंदर वहीत आपण सुंदरच लिहायला बघतो. मध्ये चार दिवस सुटले तर ते भरून काढू नकोस, नवी तारीख घाल आणि पुढे चल. दर महिन्याला एकदा मागची पानं वाच, एवढं मात्र कर. लिहिताना जे दिसत नाही ते तेव्हा दिसतं. कुठली तक्रार परत परत येते, कुणाचं नाव येतं, कुठली मागणी नकळत पुरी झाली आणि आपण आभार मानायचंही विसरलो.

वही मराठीत लिहायची. तू हे विचारलं नाहीस, पण उपासना आत पोचत नाही असं लिहिलंस म्हणून सांगते. इंदूरच्या मंडळ्यांत हिंदी असणारच, मालव्यातल्या सगळ्या तऱ्हेच्या माणसांना एकत्र बसवायचं तर ती हवीच, आणि त्या भाषेतली साक्ष आणि भजनं माझ्याही मनाला भावतात. रविवारी मंडळीबरोबर हिंदीत उपासना कर. पण ज्या भाषेत तू आईवर रुसलीस, आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलंस, त्या भाषेत एकांतात देवाशी बोल.

लक्ष्मीबाई टिळकांकडे बघ. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही. 1895 साली नवऱ्याने, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या हादरून गेल्या, दूर राहिल्या, किती वर्षं वाट बघितली, भांडल्या, आणि 1900 साली स्वतःच्या पायाने आणि स्वतःच्या विचाराने ख्रिस्ताकडे आल्या. त्यांनी उतारवयात आठवणी लिहिल्या, त्या ‘स्मृतिचित्रे’ या नावाने 1934 पासून प्रसिद्ध झाल्या. त्यांत टिळक थोर कवी आहेत, आणि घरातले पैसे कुणालाही देऊन टाकणारा, न सांगता निघून जाणारा नवराही आहेत. त्यांत बाईंची भीती आहे, सोवळं आहे, ते सुटताना झालेली ओढाताण आहे. कुठेही आव नाही. जसं बोलत होत्या तसं लिहिलं. मराठीत एवढं जिवंत गद्य फार थोडं आहे, आणि ते शाळा न शिकलेल्या एका ख्रिस्ती बाईचं आहे, याचा मला अभिमान वाटतो. तुला वहीत कसं लिहायचं ते शिकायचं असेल तर सल्ल्यांच्या पुस्तकांपेक्षा हे वाच.

मग तुझी लाज. चरित्र मिटलं की लाज वाटते, कारण पुस्तकात त्यांचं सगळं आयुष्य एकदम समोर येतं आणि तू त्याच्यासमोर तुझी एक दमलेली दुपार ठेवतेस. तू त्यांच्याही दुपारी शोध.

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? संस्कृतची विद्वत्ता, कलकत्त्यात मिळालेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही पदवी, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन. आता त्यांचं वय घेऊन बघ. जन्म 1858 चा. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि 1882 साली नवराही गेला. तेव्हा त्या अजून चोविशीत होत्या, कडेवर मनोरमा. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या तेव्हाच्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना गोळा करून केडगावला घेऊन गेल्या. इतक्या मुली आल्या की त्यांना ठेवायला जागा नव्हती. हे सगळं थोर आहे. पण मला जास्त धीर देतात ती त्यांची शेवटची वर्षं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळ्या पवित्र शास्त्राचं भाषांतर करायला त्या बसल्या. एक एक ओवी, एक एक प्रूफ. छपाई मुक्तीतच, तिथल्याच बायका-मुलींच्या हातांनी. आपला कान कमी ऐकू लागलेला, आश्रमाचा प्रपंच डोक्यावर. 1921 साली मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर झालेलं होतं. मनोरमा गेल्यानंतरच्या एखाद्या सकाळी त्या टेबलाशी बसल्या असतील तेव्हा त्यांना प्रेरणा आली असेल का? मला वाटतं, समोर कालची अर्धी ओवी होती, ती पुरी करायला त्या बसल्या.

आणि तुझ्या अगदी जवळची एक. सिस्टर राणी मारिया. केरळची मुलगी, 1954 चा जन्म, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टर. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी आणि भूमिहीन मजुरांमध्ये काम करत होती. काम कसलं, तर लोकांना बचतीची सवय लावायची, सरकारी योजना समजावून सांगायच्या, सावकाराच्या तावडीतून सोडवायचं. म्हणजे रोज अर्ज, रोज कचेरीची पायरी, रोज कुणाच्या तरी ओट्यावर बसून तीच गोष्ट पुन्हा सांगणं. ज्यांचं नुकसान होत होतं त्यांनी मारेकरी घातला. 25 फेब्रुवारी 1995 ला ती इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये बसली होती. सगळ्या प्रवाशांसमोर तिला चाकूने भोसकून मारलं. पुढे तिच्या धाकट्या बहिणीने, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याला क्षमा केली आणि त्याच्या सुटकेसाठीही शब्द टाकला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच तिला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. क्षमेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि ती आहेच तशी. पण तुझ्यासाठी मी त्या अर्जांकडे बोट दाखवते. 1995 च्या त्या एका सकाळी जे झालं ते तिच्या हातात नव्हतं. त्याच्या आधीचा प्रत्येक अर्ज तिने स्वतःच्या हाताने भरला होता.

चरित्र ख्रिस्तीच हवं असंही नाही. राजवाड्यावरून तू कितीदा जात असशील. अहिल्याबाईंनी 1754 साली कुंभेरीला नवरा गमावला, 1766 साली आधाराचे सासरे मल्हारराव, आणि पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव. त्यानंतर जवळजवळ तीन दशकं त्या दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत राहिल्या. जे जे खरं, जे जे आदरणीय, त्याचं मनन करा असं प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहितो. त्याने त्यात कुंपण घातलेलं नाही.

एका वेळी एकच चरित्र धर, सहा महिने धर. आणि मंडळीत बघ, कुणीतरी असेल जिने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं किंवा नवऱ्याचं वर्षानुवर्षं केलं. तिच्याशेजारी जाऊन बस आणि विचार, तुम्ही रात्री कशा काढल्या? तिच्यावर कुणी पुस्तक लिहिणार नाही, तुझ्या वहीत तिची दोन पानं येऊ देत.

मुलाचं पाठांतर आजपासून बंद कर. भांडून पाठ केलेलं वचन मोठेपणी आठवतं तेव्हा त्याबरोबर भांडणही आठवतं. वचन त्याच्या कानावर पडू दे, सकाळी तू मार्क मोठ्याने वाचशील तेव्हा तो दात घासत असेलच. रात्री त्याला माणसं सांग. दहा वर्षांच्या मुलाला पायी देश फिरणारी छोटी रमा आवडेल, आई तिला संस्कृत शिकवते, त्या आईला बापाने शिकवलेलं असतं, लोक नावं ठेवतात, तो ऐकत नाही. सुट्टीत त्याला उदयनगरला ने, राणी मारियाची समाधी तिथल्याच चर्चमध्ये आहे. प्रश्न विचारेल, मारणाऱ्याला राखी का बांधली म्हणून अडून बसेल. तुला उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण, आणि दोघं मिळून विचार करा.

आणखी एक सांगते, ते सासूबाईंसाठी आणि त्याच्यासाठी मिळून आहे. स्मृती जाऊ लागलेल्या माणसाला आत्ताचं जेवण आठवत नाही, पण लहानपणापासूनची गाणी बहुतेक वेळा टिकून असतात. त्यांना तरुणपणी कुठली गीतं यायची ते नवऱ्याला विचार. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक काढ, टिळकांची कितीतरी गीतं त्यात आहेत, आईंना त्यातलं एखादं नक्की येत असेल. दिवेलागणीला त्या, तू आणि मुलगा बसा. त्यांनी शब्द चुकवले तर दुरुस्त करू नका, मुलाला त्यांच्या मागून म्हणू दे. नवरा घरी असेल तेव्हा तोही बसेल. प्रार्थना लांबवू नकोस, दोन कडवी झाली की पोराला खेळायला जाऊ दे.

तुझी,
मावशी